तेवीस निवटे

सहावी ब. फळ्यावर शंभर घरं आखली
आणि दोनच्या पटीतले आकडे खोडायला
दिलेश ठाकूरला उभं केलं.
चार, सहा, आठ, दहा,
खडूची भुकटी त्याच्या बाहीवर.
मग तीनचे. मग पाचचे,
ते तर शेपूट बघूनच ओळखू येतात.
सात दाहे सत्तर म्हणून सगळे थांबले.
सत्त्याहत्तर कुणीतरी पकडलं.
एक्क्याण्णव मात्र तसंच उभं,
साळसूद चेहऱ्यानं,
आपण कुणाच्याच पाढ्यात नसल्यासारखं.
घंटा होईपर्यंत मीही फसलेली.

हंसिका मढवी हात वर न करता बोलते.
"मॅडम, तेवीसचे वाटे होत नाहीत."
कसले वाटे?
"निवट्यांचे. आई फळीवर लावते ना.
चोवीस असले की मजा,
सहा-सहाचे चार, आठ-आठचे तीन,
गिऱ्हाईक बघून.
तेवीसला काही करताच येत नाही.
एक तर सगळे एकाच वाट्यात,
नाही तर सुटे सुटे."
पुस्तकातली व्याख्या मी फळ्यावर लिहिली होती.
ती पुसली नाही,
पण तिच्याकडे पाठ करून उभी राहिले.

शनिवारी दिवाळे गावच्या मासळी बाजारात गेले.
पलीकडे पामबीचवर गाड्यांची घरघर,
अलीकडे ओल्या फळ्या, बर्फाचं पाणी,
आणि टोपलीत चिखलाच्या रंगाचे, डोळे वटारलेले निवटे.
नूतनबाई मोजत होत्या, तोंडानं नाही,
बोटांनी, दोन-दोन करत.
शेवटी एक उरला.
तो बाजूला सरकवत म्हणाल्या,
"यो एक घरचा."
आणि उरलेल्यांचे अकरा-अकराचे दोन वाटे.
मास्तरीणबाई म्हणून पन्नास रुपये कमी.

हंसिका पाटीवर पाणी मारत होती.
"मॅडम, मग एक कोण? मूळ की संयुक्त?"
मूळही नाही, संयुक्तही नाही, मी म्हटलं.
"मग त्याला बसवायचं कुठं?"
"तव्यान बसव," आई म्हणाली,
आणि सगळी रांग हसली.

तेवढ्यात तिचे चुलते, हिराजी,
खिशातून चौघडी घातलेला कागद काढून पुढे आले.
गणिताची बाई म्हटल्यावर
लोकांना काहीही विचारावंसं वाटतं.
"सात आन् बारा, यांचा आपसान काय जमतं का?"
मी म्हटलं, दोघांना भागणारा एकच,
तो एक. अशांना सहमूळ म्हणतात.
"म्हंजे?"
म्हणजे त्यांचं आपसात काही जुळत नाही.
कागदाची घडी पुन्हा होती तशी घालत ते म्हणाले,
"ता माना ठाव हाय, बाय. तीस वरसां ठाव हाय."
मला यावर काही बोलता आलं नाही.
मूळ म्हणजे ज्याला दुसऱ्या कुणी भागत नाही,
हे वाक्य मी त्यांच्यासमोर
मोठ्यानं म्हणाले नाही, एवढंच.

घरी, नेरूळला, तिसऱ्या मजल्यावर
पिशवी मोरीत उपडी केली.
अकरा. अकराचेही वाटे होत नाहीत,
पण मी एकटीच तर होते,
एकटीला कशानंही भाग जातो.
सवयीनं पुन्हा मोजले.
बारा.
त्यांच्या घरचा माझ्या पिशवीत होता,
बाकीच्यांसारखाच, डोळे वटारून.

बाराला दोन भागतो, तीन, चार, सहा,
फळ्यावर असते तर लिहीतच सुटले असते.
समोरच्या दाराची बेल वाजवली.
कुरियनबाई आणि त्यांच्या दोन मुली,
मी धरून चार.
"अरे टीचर! बाकी काय म्हणता?"
बाकी शून्य, मी म्हटलं.
त्यांना कळलं नाही.
मी मिठाची बरणी मागितली
आणि त्यांच्याच ओट्यापाशी
निवट्यांचा बुळबुळीतपणा चोळून काढायला लागले.